बाकी सात

धोंडा फुटला, आणि बाईंना ते कळलं कुणा तिऱ्हाइताकडून. कॉलेजला निघायची गडबड, एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हाताने किल्ल्या शोधताहेत, आणि मेजावरच्या कॉम्प्युटरवर निरोप येऊन पडलेला. पाठवणारा कोण कुठला, बाईंनी कधी ऐकलंसुद्धा नव्हतं. त्याने फार नम्रपणे लिहिलं होतं, की तुम्हा भावंडांच्या आकड्याला एक विभाजक सापडला आहे, बावीस अंकी आहे, खाली देत आहे, कृपया तपासून पाहावा. चुकलं असल्यास क्षमा असावी, असंही वर होतं. चुकलं असल्यास म्हणे! बाईंनी कप ठेवला तो चहा सांडूनच.

आता धोंडा म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. धोंडा हा दगड नव्हे, आकडा. दोन घ्यायचे, त्यांना दोनाने गुणायचं, पुन्हा दोनाने गुणायचं, असं कोट्यवधी वेळा करत जायचं, आणि सगळं झाल्यावर त्यातून एक काढून घ्यायचा. जे उरेल ते कागदावर लिहायला बसलात तर आयुष्य त्यातच जाईल. हा आकडा मूळ संख्या नाही, म्हणजे त्याला दुसऱ्या कुठल्या तरी संख्येने भाग जातो, हे कधीचंच सिद्ध झालेलं. पण कुठल्या संख्येने, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात चोर शिरलाय हे नक्की, पण तो कुठल्या खोलीत आहे ते कळत नाही, असला हा प्रकार. फुटेल म्हणतात पण फुटत नाही, म्हणून त्याचं नाव धोंडा. हे नाव दादाने ठेवलं होतं.

दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ. कॉलेजात गणित शिकवणाऱ्या या बाईंना सगळे बाईच म्हणत, अगदी प्राचार्यसुद्धा. फक्त दादा त्यांना छोटी म्हणे, आणि त्यांची पन्नाशी उलटली तरी म्हणे. तो विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक होता, आता निवृत्त. नाव मोठं. चार माणसांत तो बोलायला लागला की बाकीचे आपापली वाक्यं अर्धी सोडून द्यायचे. बाईंना गणिताचं वेड लावलं ते त्यानेच. ती लहान असताना तो जिन्यात बसून तिला बाक्या काढायला लावायचा, आणि उत्तर बरोबर आलं की डोक्यावर टपली मारायचा. ती टपली मिळावी म्हणून बाई रात्रंदिवस भागाकार करायच्या. वेडीच होती पोरगी.

तर बाईंनी ती बावीस अंकी संख्या आपल्या मशीनला दिली आणि धोंड्याला तिने भागायला सांगितलं. एका उमेदवाराला भागून बघायला वेळ असा लागतच नाही, डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर येतं. वेळ लागतो तो उमेदवार अब्जावधी असतात म्हणून. उत्तर आलं. बाकी शून्य. पूर्ण भाग गेला.

दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. बाईंना मात्र तो झाला नाही, कारण ही संख्या त्यांच्या मर्यादेच्या आतली होती. अकरा वर्षं खपून दोघा भावंडांनी जगाला सांगितलं होतं, की तेवीस अंकांपर्यंत आम्ही सगळे उमेदवार भागून पाहिले, एकही लागत नाही. आणि हा बावीस अंकी गृहस्थ समोर उभा. म्हणजे दोघांपैकी कुणाच्या तरी हातून तो निसटला होता. कुणाच्या, हे कळायला तर काहीच कष्ट नव्हते.

काम वाटून घेतलं होतं ते असं. या जातीच्या आकड्यांचे मूळ विभाजक लहरी नसतात. त्यांना आठाने भागलं तर बाकी एक तरी उरते नाहीतर सात तरी, दुसरं काही उरूच शकत नाही. म्हणून दादाने अगदी पहिल्या दिवशी वाटणी करून टाकली होती. एकवाले तुझे, सातवाले माझे. आणि आठाने भागायला अख्खी संख्या लागत नाही, शेवटचे तीन अंक पुरतात, हे तर दादानेच जिन्यात शिकवलेलं.

बाईंनी शेवटचे तीन अंक लगेच बघितले नाहीत. आधी त्यांनी सांडलेला चहा पुसला. मग खुर्ची ओढून नीट बसल्या. त्यांना मनापासून वाटत होतं की बाकी एक निघावी. चूक माझी निघू दे, माझंच मशीन मधे कधीतरी बंद पडलं असेल, वीज गेली असेल, मी एखादा गठ्ठा विसरले असेन, काहीही चालेल. मला मान खाली घालता येते. एक निघू दे.

शेवटचे अंक होते तीनशे त्र्याऐंशी. आठ सत्तेचाळीस तीनशे शहात्तर. उरले सात.

त्यांनी पुन्हा भागलं. माणूस काय करणार? सातच उरले.

तरी बाईंनी लगेच वाईट मनात आणलं नाही, हे सांगायलाच हवं. कॉलेजला कळवलं की आज येत नाही, आणि दिवसभर त्या मशीनला दोष देत बसल्या. मशीन म्हटलं की काय वाट्टेल ते होऊ शकतं. दादाचं तर जुनंच होतं, काम सुरू केलं तेव्हाचं, दोघांनी एकाच वेळी एकसारखी घेतली होती. एखादा गठ्ठा भागायचा राहिला असेल. अब्जावधींत एक गठ्ठा. शिवाय प्रत्येक गठ्ठा आपण तपासला होता ना? तपासला होता. दर रविवारी, न चुकता.

ही रविवारची पद्धतही दादाचीच. संस्थेचा नियम असा, की काम करणारा एक आणि ते बघणारा दुसरा, दोघांची साक्ष असल्याशिवाय तक्त्यात ओळ चढत नाही. संस्था म्हणजे जिथे जगभरच्या अशा आकड्यांचा तक्ता ठेवला जातो ती. मग या दोघांनी एकमेकांचं बघायचं ठरवलं. उमेदवारांचे गठ्ठे करायचे, आणि प्रत्येक गठ्ठ्यातल्या शेवटच्या उमेदवाराची बाकी जपून ठेवायची. रविवारी बाई फोन करून म्हणायच्या, अमक्या गठ्ठ्याची सांग. पलीकडे टकटक व्हायची, मग दादा बाकीचे शेवटचे सहा अंक वाचून दाखवायचा. बाईंनी आपल्याकडे तोच उमेदवार भागून ठेवलेला असायचा. अंक जुळले की दोघं हसायची, आणि मग अर्धा तास इकडच्या तिकडच्या गप्पा. बाई आपल्या बाक्या मात्र एकदम पाठवून देत. संध्याकाळपर्यंत दादाचा निरोप येई, जुळल्या. अकरा वर्षांत एकही अंक कधी चुकला नव्हता.

हे सगळं सुरू झालं ते बाईंचा नवरा निघून गेला त्या वर्षी. तो गेला तो बॅग भरून, दिवसाउजेडी, शेजाऱ्यांना नमस्कार करून. बाई महिनाभर भिंतीकडे बघत बसल्या होत्या. दादा येऊन म्हणाला, चल छोटी, आपण दोघं मिळून धोंडा फोडू. त्या वाक्यावर बाई उठल्या. नवऱ्याने टाकलं, पण भावाने हात धरला, असं त्या कुणालाही सांगत.

आणि नेमकं आत्ताच सगळं जमून येत होतं, हे तर आणखीच दुखणारं. संस्थेत जे गृहस्थ तक्ता सांभाळायचे, त्यांना सगळे तक्तेवाले म्हणत. ते आता थकले होते, आणि आपल्या जागी त्यांना बाई हव्या होत्या. लोकांनी पाठवलेलं प्रत्येक काम आधी शंकेने बघायचं आणि खरं असेल तेवढंच तक्त्यात घ्यायचं, ही ती नोकरी. तक्तेवाले सगळ्यांना सांगत, की इतक्या वर्षांत ज्यांची ओळ मला एकदाही खोडावी लागली नाही अशी ही एकच बाई आहे. गुरुवारी बैठक होती, नुसतं शिक्कामोर्तब व्हायचं बाकी होतं. वर्गात तीस वर्षं तीच समीकरणं सोडवून बाईंचा जीव उबला होता. ती खुर्ची त्यांना किती हवी होती म्हणून सांगू! नवऱ्याच्या परत येण्याची वाटसुद्धा त्यांनी इतक्या आशेने पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दादाकडे गेल्या. न कळवता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच न कळवता, पण हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. ते लक्षात आलं वहिनींच्या तोंडाकडे बघून.

वहिनींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही? आज? आधी कळवायचं तरी."

बोलणं साधंच, पण त्यांची नजर सारखी जिन्याकडे. दादा फिरायला गेला होता, येईलच एवढ्यात. बसा, पाणी घ्या, चहा टाकते, तिकडे कुठे वर जाताय, वर सगळा पसारा आहे. वहिनी एरवी मोजकं बोलणारी बाई. आज तोंडाचा पट्टा सुरू. बाईंनी पाणी घेतलं, पेला ठेवला आणि सरळ जिना चढल्या.

वरच्या खोलीत बाई कितीदा तरी आल्या होत्या. आल्या की ते मशीन घरघरत असायचं, त्याचा पंखा फिरत असायचा, छोटा हिरवा दिवा लागलेला. त्या आवाजाने त्यांना कसं निवांत वाटायचं. आपल्या घरी एक घरघरतंय, इथे एक घरघरतंय, आपण एकट्या नाही. आज खोलीत आवाज नव्हता. मशीनवर पलंगपोसाचा तुकडा टाकलेला, त्यावर इस्त्रीच्या कपड्यांची चळत. बाईंनी हात लावून पाहिला. गार. मागची वायर गुंडाळून व्यवस्थित बांधून ठेवली होती, आणि बांधलेल्या दोरीवर धूळ.

वहिनी मागोमाग आल्या होत्या, दारातच उभ्या राहिल्या. बिघडलंय का, असं बाईंनी विचारलं. बिचाऱ्या अजून पळवाट शोधत होत्या, दादासाठी. वहिनींनी हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण त्यांनाही हे ओझं फार झालं असावं.

"तुम्ही यायच्या दिवशी मी चालू करत असे," त्या म्हणाल्या. "कपडे उचलून आत ठेवायचे आणि बटण दाबायचं. हे सांगायचे तसं. मला कधीच आवडलं नाही ते."

बाई कपड्यांच्या चळतीशेजारी, पलंगाच्या कडेवर बसल्या. रडू आलं नाही. लाज वाटली. आपण या खोलीत यायचो, त्या घरघरणाऱ्या मशीनकडे कौतुकाने बघायचो, एकदा तर त्याच्यावर हातसुद्धा फिरवला होता, आणि हे दोघं नवरा-बायको ते बघत उभे होते. लहान मूल खेळण्यातल्या फोनवर बोलत असतं तेव्हा मोठी माणसं बघतात ना, तसे.

खाली दार वाजलं. दादा वर आला, दोघींना बघितलं, मशीनकडे बघितलं, आणि वहिनींना म्हणाला, चहा ठेव. हुशार माणूस. त्याला काही सांगावं लागत नाही.

बाईंनी त्याला तो विभाजक सांगितला. बावीसच्या बावीस अंक, तोंडपाठ. दादाने शेवटचे तीन ऐकले आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, सात. मग खिडकीशी जाऊन उभा राहिला. त्याने नाकबूल केलं नाही. पहिलं वर्षभर त्याने खरंच भागलं होतं म्हणे. मग एका सुट्टीत मशीन बंद ठेवलं, ते सुरू करायचा कंटाळा आला. आणि रविवारी बहिणीचा फोन आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की हिला गठ्ठ्यातला शेवटचाच उमेदवार हवा असतो. तेवढा एक भागायला काय लागतं? ती टकटक म्हणजे दादा नोंद शोधत नव्हता. तिथल्या तिथे, फोन कानाला लावून, साध्या कॉम्प्युटरवर तेवढा एकच भागाकार करत होता.

"मी तुला एकही खोटी बाकी सांगितलेली नाही, छोटी," तो म्हणाला. "तू विचारलंस ते प्रत्येक उत्तर बरोबर होतं."

आणि हे खरं होतं, हीच तर मेख! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. बाईंचं मन त्या स्थितीतही हिशेब करत होतं. जिथे फक्त शेवटचाच प्रश्न तपासतात, त्या परीक्षेत पोरं बाकीचे प्रश्न सोडवतील का? तीस वर्षं पोरं हाकली बाईंनी, दुसऱ्या कुणी अशी तपासणी सुचवली असती तर त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. पण ही सुचवली होती दादाने. दादाची पद्धत तपासून बघावी, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नाही. तो चुकीचा असू शकतो हा प्रश्न त्यांच्या गणितात नव्हताच.

मग माझ्या बाक्या, असं बाईंनी विचारलं. मी दर रविवारी पाठवायचे त्या. तू जुळल्या म्हणायचास.

दादा म्हणाला, त्या उघडायची काय गरज होती. तुझं काम चोखच असणार.

"एकदाही उघडल्या नाहीस?"

"नाही."

हा घाव वेगळा बसला. सातवाले त्याने सोडले, ते एक वेळ आळस म्हणता येईल. पण तिच्या बाक्या! उन्हाळ्यात मशीन तापायचं म्हणून बाई त्याच्याशेजारी पंखा लावून स्वतः घामाघूम बसत. तापाने फणफणल्या होत्या तेव्हासुद्धा भिंत धरत धरत उठून त्यांनी गठ्ठा बदलला होता. बाहेरगावी लग्नकार्याला गेल्या नाहीत, लोकांनी माणूसघाणी ठरवलं. ते सगळं दर रविवारी त्या दादाकडे पाठवत होत्या, आणि दादा न बघताच एक शब्द परत पाठवत होता. नुसत्या पाट्या टाकत होता. आणि त्या एका शब्दावर बाई पुढचा आठवडा काढत.

दादा आता जवळ येऊन बसला. आवाज मऊ केला. म्हणाला, तुझी काय अवस्था होती आठव. तुला काहीतरी हातात द्यायला हवं होतं. धोंडा फुटला काय, न फुटला काय, कुणाचं काय अडणार होतं? तू सावरलीस ना? मला तेवढंच हवं होतं.

म्हणजे विरंगुळा. आजाऱ्याला पत्ते द्यावेत, तसा तिला धोंडा दिला होता. बाईंना वाटत होतं आपण दोघं मिळून एक काम करतोय, आणि हा इकडे बहिणीचं मन रमवत होता. लबाडी केली असतीस, मला शेंडी लावून नाव कमावलं असतंस, तरी परवडलं असतं रे, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. निदान कामाला काम तरी म्हटलं असतंस. पण त्या उठल्या. चहा तसाच ठेवून निघाल्या. वहिनी फाटकापर्यंत आल्या आणि परत गेल्या.

बुधवारी बाई संस्थेत गेल्या. बैठकीच्या आदल्या दिवशी. रस्ताभर त्यांनी ठरवलं होतं की काही लपवायचं नाही, पण दादाची अब्रूही चव्हाट्यावर मांडायची नाही. रक्ताचं नातं असं तुटता तुटत नाही, काय करणार.

तक्तेवाल्यांची खोली म्हणजे तीन भिंतींना कपाटं आणि चौथीला खिडकी. ते चष्मा कपाळावर चढवून बसले होते. त्यांना तो निरोप आलेलाच होता. बाई काही बोलायच्या आत त्यांनी खुर्ची दाखवली, आणि बाई बसल्यावर सरळ विचारलं, सातवाले कुणाकडे होते? दादाकडे, असं बाई म्हणाल्या. ते भागायचे राहिले, चूक आमच्या घराची आहे, ओळ खोडा. यापलीकडे त्यांनी काही सांगितलं नाही.

तक्तेवाले भला माणूस. म्हणाले, मशीन दगा देतं बाई, मी इथे बसून किती पाहिलंय. प्राध्यापकांना वाईट वाटून घेऊ नका म्हणावं. ओळ पूर्ण खोडायची गरज नाही, अर्धी राहील. सातवाले पुन्हा करू. एकवाले तुमचे, ते तर शाबूत आहेत. तेवढ्यावर उद्याची बैठक मी निभावून नेतो, ती माझी जबाबदारी. फक्त नियमाप्रमाणे तुमच्या अर्ध्याला साक्ष हवी. दर वर्षी प्राध्यापक मोघम कळवायचे, दोन्ही बाजू तपासल्या म्हणून. आता एक बाजू पडल्यावर ते मोघम चालायचं नाही. एकवाले मी स्वतः बघितले, एवढं त्यांनी फोनवर सांगितलं तरी पुरे.

इथवर त्यांचा विचार पोचलाच नव्हता. आपला अर्धा भाग खरा आहे, तो कुणी आपल्यापासून काढून घेऊ शकत नाही, या एका गोष्टीवर त्या काल रात्री झोपल्या होत्या. आणि तो खरा असल्याला जगात साक्षीदार एकच. तोही असा.

तुम्ही आत्ता कुठलाही गठ्ठा विचारा, मी बाकी सांगते, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. आणि मिटलं. दादा दर रविवारी हेच तर करत होता. बाकी बरोबर आली म्हणून गठ्ठा भागला होता असं थोडंच ठरतं? त्याने काही केलं नाही आणि यांनी सगळं केलं, पण बाहेरून बघणाऱ्याला दोघांची उत्तरं सारखीच. पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत सारखी. अकरा वर्षांच्या कामावर उठून दिसेल अशी एक खूणसुद्धा नव्हती. इतकी चीड बाईंना कालच्या त्या खोलीतही आली नव्हती.

तोवर तक्तेवाल्यांनी फोन लावलासुद्धा. दादाने उचलला. तक्तेवाल्यांनी दोन शब्दांत काय हवं ते सांगितलं, तब्येत विचारली, आणि प्राध्यापकांना तुमच्याशीच आधी बोलायचंय म्हणत फोन बाईंच्या हातात दिला. स्वतः पेनाचं टोपण काढून तयार बसले.

दादाचा आवाज अगदी मोकळा होता. ओझं उतरल्यासारखा. त्याला भरपाई करायची संधी मिळाली होती.

"मी सांगतो त्यांना, छोटी. लगेच सांगतो. एकवाले सगळे मी बघितले म्हणून. तुझी खुर्ची कुठे जात नाही."

बाई खिडकीकडे बघत होत्या. खाली अंगणात कुणीतरी सायकलला कुलूप लावत होतं. हो म्हटलं की झालं. खोटं काय होतं त्यात? आपला अर्धा भाग तर खरंच केला होता. उद्या खुर्ची मिळाली असती. आणि त्या खुर्चीत बसून लोकांची कामं शंकेने बघायची होती, खरं तेवढंच आत घ्यायचं होतं.

"तू बघितलेस का?" त्यांनी विचारलं.

"बघायचं काय त्यात? तू केलंस म्हणतेस म्हणजे केलंसच. माझा विश्वास आहे तुझ्यावर."

तो मनापासून बोलत होता. हेच फार वाईट होतं. त्याला खरंच वाटत होतं की आपण बहिणीला काही देतोय.

"दादा," बाई म्हणाल्या, "तुझ्याबद्दल मीही लोकांना हेच सांगत होते."

पलीकडून दादा छोटी, छोटी करत राहिला. बाईंनी फोन ठेवला. तक्तेवाले पेन धरून त्यांच्याकडे बघत होते. काय म्हणाले प्राध्यापक, असं त्यांनी विचारलं.

"बघितले नाहीत म्हणाला," बाईंनी सांगितलं. "एकवाले कुणीच बघितलेले नाहीत. ओळ पूर्ण खोडा."

तक्तेवाल्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि हलक्या आवाजात विचारलं, की बाई, तुम्ही ते केलं होतंत ना?

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

"मी हो म्हटलं," त्या म्हणाल्या, "तर तुम्ही काय कराल?"

बाई उठल्या, दुपारचा तास होता, आणि पोरं त्यांची वाट बघत बसली असतील.